गाडी खाली ठेवा, वाट एकाच दिशेने चाला: रॉकी माउंटन नॅशनल पार्कचा एक दिवस शटलने

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये उन्हाळ्यात सूर्य उगवतो न उगवतो तोच बेअर लेकचा वाहनतळ भरलेला असतो. त्याच्या अलीकडे ग्लेशियर गॉर्जला गाड्या लावायची जागा इतकी थोडी आहे की ती त्याहून आधी संपते. मग उरते ती शटल. पार्किंग मिळालं नाही म्हणून नाइलाजाने बसायची बस, असंच बहुतेक जण तिच्याकडे पाहतात. मी मात्र पाहुण्यांना मुद्दाम शटलनेच नेतो. गाडी जिथे लावली तिथे परत यावंच लागतं, त्यामुळे गेलो त्याच वाटेने उलटं चालणं आलं. शटल असेल तर एका थांब्यावर उतरायचं, डोंगरातून चालत जायचं आणि दुसऱ्याच थांब्यावर निघून बस पकडायची. गर्दीच्या दिवसात या पार्कचा खरा आनंद घ्यायचा असेल तर याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

गर्दी का होते, हे आधी समजून घ्या. 26 जानेवारी 1915 रोजी स्थापन झालेल्या या पार्कचं क्षेत्रफळ सुमारे 415 चौरस मैल, म्हणजे 1,075 चौरस किलोमीटर. यलोस्टोन याच्या आठपटींहून मोठं आहे. तरीही 2019 मध्ये इथे 46 लाखांहून जास्त लोक आले, यलोस्टोनमध्ये 40 लाखांच्या आसपास. त्यात डेन्व्हर फक्त दीड-दोन तासांवर. आणि आलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येला एकाच रस्त्याने जायचं असतं: बेअर लेक रोड. नऊ-दहा मैलांचा हा चिंचोळा रस्ता वर जाऊन संपतो, पुढे कुठेही निघत नाही. इथली शटल 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे ती या रस्त्यामुळेच.

परमिट: सगळ्यात आधी हे

गेल्या काही वर्षांपासून मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पार्कमध्ये शिरायला वेळ ठरवून घेतलेलं परमिट लागतं. त्याला टाइम्ड एंट्री म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि लोकांची फसगत होते ती इथेच.

साधं टाइम्ड एंट्री परमिट बेअर लेक रोड सोडून बाकी पार्कसाठी असतं आणि ते सकाळी 9 ते दुपारी 2 या वेळात लागतं. दुसरं टाइम्ड एंट्री प्लस. त्यात बेअर लेक रोडही येतो आणि ते पहाटे 5 ते संध्याकाळी 6 पर्यंत लागतं. बेत शटलचा असल्यामुळे अनेकांना वाटतं की आपण गाडी घेऊन वर जाणारच नाही, तेव्हा साधं परमिट पुरेल. पुरत नाही. गाडी लावून शटल पकडायची जागा, म्हणजे पार्क अँड राइडचा तळच, बेअर लेक रोडवर आहे. तिथपर्यंत स्वतःच्या गाडीने जायचं असेल तर प्लसच हवं. साधं परमिट घेऊन आलेल्यांना बेअर लेक रोडच्या तोंडाशीच परत फिरवतात आणि सुट्टीचा अख्खा दिवस हातातून जातो.

परमिट रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. शुल्क दर गाडीमागे 2 डॉलर, आणि ते परत मिळत नाही. आरक्षण महिन्याच्या हिशेबाने खुलं होतं: जुलैच्या तारखा 1 जूनला, ऑगस्टच्या 1 जुलैला, सकाळी 8 वाजता, माउंटन टाइमप्रमाणे. तुम्ही भारतातून आरक्षण करणार असाल तर तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. खातं आधीच उघडून ठेवा, कार्डाचा तपशील भरून ठेवा आणि पाच मिनिटं आधी लॉग-इन करून बसा. शनिवार-रविवारचे सकाळचे स्लॉट पाहता पाहता जातात.

तो मुहूर्त चुकला तरी दार बंद होत नाही. काही परमिटं मुद्दाम राखून ठेवतात आणि ती आदल्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता सोडतात. ऐन वेळी ठरलेल्या सहलींसाठी हा मोठा आधार आहे. मंगळवार-बुधवारसाठी प्रयत्न केलात तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

स्लॉट दोन तासांचा असतो. त्या दोन तासांत फाटकातून आत जायचं, पुढे हवं तितका वेळ थांबा. 7 ते 9 चा स्लॉट मिळत असेल तर तोच घ्या. 9 ते 11 चालेल. 11 नंतरचा स्लॉट घेऊन उंचावरच्या तळ्यांकडे निघू नका. त्याचं कारण पुढे हवामानाच्या भागात येईल.

गाडीच न्यायची नसेल तर: हायकर शटल

पार्कच्या बाहेर एस्टेस पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या व्हिजिटर सेंटरपासून हायकर शटल सुटते आणि थेट पार्कमध्ये, आतल्या शटलच्या जाळ्यापर्यंत नेते. तिचं आरक्षण त्याच संकेतस्थळावर करायचं. इथे तिकीट माणशी असतं, गाडीमागे नव्हे, त्यामुळे चौघं असाल तर चार तिकिटं घ्या. हे आरक्षण असलं की वेगळं टाइम्ड एंट्री परमिट लागत नाही. ज्या दिवशी परमिट संपलेली दिसतात त्या दिवशी हायकर शटलमध्ये जागा असू शकते. लोक तिकडे पाहतच नाहीत.

व्हिजिटर सेंटरला लागून मजली पार्किंग आहे आणि ते मोफत आहे. गाडी तिथे ठेवून निर्धास्त व्हा. गाडीच नसेल तर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून राज्याच्या बस्टँग सेवेची बस एस्टेस पार्कला येते. तिचं आणि हायकर शटलचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा आणि मधे किमान अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांत सारखी आहे. परमिट किंवा हायकर शटलचं तिकीट म्हणजे प्रवेशशुल्क नव्हे. पार्कचा पास वेगळा घ्यावा लागतो. एका दिवसासाठी गाडीमागे 30 डॉलर, गाडीशिवाय येणाऱ्याला माणशी 15 डॉलर. 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षं आणि त्याहून मोठ्या पाहुण्यांना या पार्कसह अकरा गर्दीच्या पार्कांमध्ये माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात. त्यांच्यासाठी 250 डॉलरचा वार्षिक पास निघाला आहे. आईवडील किंवा नातेवाईक भारतातून आले असतील तर हा हिशेब घरीच करा. दोन-तीन मोठी पार्कं बघायची असतील तर पास परवडतो. फाटकावर रोख रक्कम घेत नाहीत, कार्डच लागतं. सगळ्या कागदांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवून ठेवा, कारण डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही. ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्याने ओळखपत्र जवळ ठेवायचं.

शटलचं जाळं कसं आहे

आतली शटल मोफत आहे. तिचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही पार्क अँड राइडपाशी एकत्र येतात.

बेअर लेक मार्ग वर जातो. थांबे: बिअरश्टाट लेक ट्रेलहेड (ट्रेलहेड म्हणजे पायवाट जिथून सुरू होते ती जागा), ग्लेशियर गॉर्ज ट्रेलहेड, शेवटी बेअर लेक. साधारण दहा-पंधरा मिनिटांनी एक बस असते. मोरेन पार्क मार्ग खाली, कुरणांच्या बाजूला जातो. त्यावर स्प्रेग लेक, हॉलोवेल पार्क, कब लेक असे थांबे घेत बस फर्न लेकच्या थांब्यापर्यंत पोचते. या मार्गावर फेऱ्या कमी असतात, एक चुकली तर अर्धा तास धरून चाला. या मार्गावर एखाद्या हंगामात बदलही होतो, म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक पार्कच्या संकेतस्थळावर बघूनच फर्न लेकचा बेत करा.

पार्क अँड राइडला सकाळी आठनंतर रांग लागते. रांग दिसते त्यापेक्षा लवकर सरकते, कारण एका बसमध्ये बरेच लोक मावतात. तरी दोन गोष्टी करा. शौचालयात रांगेत उभं राहण्याआधीच जाऊन या. आणि सॅक पाठीवरून काढून हातात किंवा मांडीवर घ्या. भरलेल्या बसमध्ये पाठीवरची सॅक बसलेल्या माणसाच्या तोंडाशी येते. बसमध्ये चाकाची खुर्ची चढवायची सोय आहे. पाळीव कुत्र्यांना शटलमध्ये आणि इथल्या पायवाटांवर, दोन्हीकडे मनाई आहे.

पहिल्या बसमध्ये चढलात की थेट शेवटच्या थांब्यापर्यंत जा. हा नियम मी कधीच मोडत नाही. सकाळी वर जाणारी बस पार्क अँड राइडलाच भरते, मधल्या थांब्यावर उतरून पुन्हा वर जायचं म्हटलं तर बस रिकामी मिळेलच असं नाही. उलट सगळ्यात उंच थांब्यावर उतरून खाली चालत आलात तर चढ कमी लागतो, आणि दुपारी बेअर लेकच्या लांबलचक रांगेत उभं राहायची वेळच येत नाही.

एकाच दिशेने चालायच्या तीन वाटा

बेअर लेक 9,475 फुटांवर आहे. ग्लेशियर गॉर्ज थांबा 9,240 फुटांवर, बिअरश्टाट ट्रेलहेड 8,850 फुटांवर आणि फर्न लेक ट्रेलहेड आणखी खाली, 8,155 फुटांवर. हे चार आकडे लक्षात ठेवलेत की दिवसाची आखणी आपोआप होते. चढायचं काम बसला द्या, आपण उताराच्या बाजूला निघा.

पहिली वाट माझी सगळ्यात लाडकी आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला मी हीच सुचवतो. बेअर लेकवर उतरा. तळं दोनशे पावलांवर आहे, पण तिथे रेंगाळू नका. डावीकडची वाट धरून निंफ लेक गाठा, अर्धा मैल. उन्हाळ्यात त्याच्या पाण्यावर पिवळी कमळं पसरलेली असतात. पुढे बेअर लेकपासून 1.1 मैलावर ड्रीम लेक. सकाळी वारा पडलेला असताना त्याच्या लांबट पाण्यात हॅलेट शिखराचं प्रतिबिंब संपूर्ण उतरतं. नऊनंतर वारा उठला की ते मोडतं, म्हणून सकाळच्या स्लॉटचा एवढा आग्रह. आणखी पाऊण मैल चढून गेलात की एमराल्ड लेक, सुमारे 10,100 फुटांवर. तिथे वाट संपते आणि समोर हॅलेट आणि फ्लॅटटॉप यांचे कडे सरळ उभे असतात. बेअर लेकपासून इथवर 1.8 मैल, चढ साडेसहाशे फुटांच्या आसपास.

बहुतेक लोक इथून आल्या वाटेने परत बेअर लेकला जातात. तुम्ही ड्रीम लेकपर्यंतच मागे या आणि लेक हायाहाचा फाटा घ्या. इथून गर्दी एकदम पातळ होते. हायाहाचं पाणी आधी इतर तळ्यांसारखंच स्वच्छ होतं. 28 जून 2022 रोजी वरच्या केऑस कॅन्यन या घळीत मोठी दरड कोसळली, दगडांचा बारीक चुरा पाण्यात मिसळला आणि तळं दुधाळ हिरवं झालं. काठाशी घरांएवढाले धोंडे आहेत, त्यांच्यावरून हात टेकत पुढे सरकावं लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर धोंड्यांच्या अलीकडेच थांबा. पाणी तिथूनही दिसतं.

हायाहापासून खाली जाणारी वाट जंगलातून उतरते आणि लॉक व्हेलकडून येणाऱ्या मोठ्या वाटेला मिळते. तिथे डावीकडे, उताराला वळा. पुढे अल्बर्टा फॉल्स, मग ग्लेशियर गॉर्जचा थांबा. सगळं मिळून साडेसहा-सात मैल, फोटो, खाणं आणि दम खाणं धरून पाच ते सहा तास. पाय शाबूत असतील आणि आभाळ स्वच्छ असेल तर त्या फाट्यावरून उजवीकडे वळून द लॉक नावाच्या तळ्यापर्यंत जाता येतं, पण ते सकाळी सातच्या आत चालायला लागलेल्यांनीच करावं.

दुसरी वाट सोपी आहे. बेअर लेकच्या उत्तर काठावरून बिअरश्टाट लेकची वाट निघते. सुरुवातीला थोडा चढ, मग पाइनच्या जंगलातून जवळजवळ सपाट चाल. अमेरिकेच्या पश्चिमेची भव्य चित्रं काढणाऱ्या अल्बर्ट बिअरश्टाटचं नाव या तळ्याला आहे. तळ्याच्या काठावरून कॉन्टिनेन्टल डिव्हाइडची, म्हणजे खंडाचं पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला वाटणारी, डोंगररांग दिसते. त्यानंतरचा उतार खास आहे: मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने रचलेल्या मातीदगडांच्या उंचवट्याच्या, कडेवरून नागमोडी वळणं घेत वाट अस्पेनच्या झाडांतून खाली थांब्याशी येते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ही सगळी उतरण पिवळीधमक असते. एकूण सव्वातीन-साडेतीन मैल. हीच वाट उलट्या दिशेने केली तर त्याच वळणांवर दम लागतो, म्हणून दिशा चुकवू नका.

तिसरी वाट फक्त सरावलेल्यांसाठी. बेअर लेकवरून ओडेसा लेक, फर्न लेक, फर्न फॉल्स, द पूल असं करत फर्न लेकच्या थांब्याला उतरायचं. नऊ मैलांहून जास्त चाल आहे आणि ट्रेलहेडपासून बसच्या थांब्यापर्यंत आणखी पाऊण मैल मातीचा रस्ता. ऑक्टोबर 2020 मध्ये ईस्ट ट्रबलसम वणवा डोंगराची रांग ओलांडून या बाजूला आला, त्यामुळे खालच्या भागात जळालेली खोडं उभी दिसतात आणि सावली कमी आहे. जोराच्या वाऱ्यात अशा खोडांखाली थांबू नका. या वाटेला मधून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. निघण्याआधी फर्न लेक थांब्यावरच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्या.

दुपारचं वादळ

जुलै आणि ऑगस्टमध्ये इथे दुपारी गडगडाट होणं ही जवळपास रोजची गोष्ट आहे. सकाळी आभाळ निळंशार असतं. दहा-साडेदहाच्या सुमाराला डिव्हाइडच्या माथ्यामागून पांढरे ढग डोकं काढतात. त्यांचे माथे उंच चढायला लागले, खालची बाजू सपाट आणि करडी दिसायला लागली की तास-दीड तासात वीज पडू शकते असं समजा. ढग पश्चिमेकडून, म्हणजे कड्यांच्या मागून येतात. एमराल्ड लेकच्या काठावर बसलेल्या माणसाला ते डोक्यावर येईपर्यंत दिसत नाहीत.

म्हणून उंचावरचं काम बारापर्यंत उरकायचं. वर दिलेल्या तीनही वाटा झाडं जिथवर वाढतात त्या उंचीच्या खालून जातात, त्यामुळे उघड्या माथ्यावर सापडण्याचा धोका इथे कमी आहे. तरी गडगडाट ऐकू आला की तळ्याचा काठ, एकटं उभं झाड आणि मोठे उघडे धोंडे सोडा. सारख्या उंचीच्या दाट झाडीत शिरा आणि चालत खाली या. पावसाबरोबर गाराही पडतात आणि तापमान झपकन उतरतं. जुलैच्या दुपारी थंडीने कुडकुडणारी, नुसत्या टीशर्टमधली मुलं बेअर लेकच्या थांब्यावर दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. एक जलरोधक जाकीट सॅकमध्ये असतं तर ही वेळ आली नसती.

उंची आणि पाहुणे

एस्टेस पार्क 7,522 फुटांवर आहे. बेअर लेकला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने तीस टक्क्यांच्या आसपास कमी असतो. विमानाने डेन्व्हरला उतरून दुसऱ्याच सकाळी एमराल्ड लेक गाठायचं ठरवलं तर डोकं दुखणं, मळमळणं, पायात जीव नसल्यासारखं वाटणं हे तरुणांनाही होतं. निदान एक रात्र डेन्व्हरला किंवा त्याहून बरं म्हणजे एस्टेस पार्कला काढा. आदल्या संध्याकाळपासून पाणी जास्त प्या, मद्य टाळा. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

वर गेल्यावर त्रास सुरू झाला तर थांबून बरं वाटण्याची वाट पाहू नका. औषध एकच आहे, खाली उतरणं. आणि इथे शटल फार उपयोगी पडते, कारण घरातला एक जण पाहुण्यांना घेऊन पुढच्या बसने खाली जाऊ शकतो, बाकीच्यांना चालणं सोडावं लागत नाही. कुठे आणि किती वाजता भेटायचं हे मात्र सकाळीच ठरवा. फोनवर ठरवू असं म्हणू नका.

वयस्कर मंडळी किंवा बाबागाडीतलं बाळ बरोबर असेल तर वेगळा दिवस आखा आणि तो मनापासून आखा. स्प्रेग लेकभोवती एक मैलाहून कमी अंतराची सपाट वाट आहे, चाकाची खुर्चीही तिच्यावरून जाते. पाण्यापलीकडे डिव्हाइडची सगळी रांग उभी दिसते. ज्या ॲब्नर स्प्रेगच्या नावाचं हे तळं आहे, त्याचं इथे पूर्वी लॉज होतं, आणि 1939 मध्ये पार्कात प्रवेशशुल्क सुरू झालं तेव्हा ते भरणारा तो पहिला माणूस. बेअर लेकचा फेराही एक मैलाच्या आत आहे. काही ठिकाणी चढ लागतो पण बसायला जागा आहेत. सकाळी स्प्रेग, मग बसने बेअर लेक, दुपारी खाली. एवढ्यात त्यांचा दिवस भरतो.

सॅकमध्ये काय

माणशी दोन लिटर पाणी, एस्टेस पार्कमध्येच भरून. बेअर लेक रोडवर खाण्याचं एकही दुकान नाही, तेव्हा सकाळचं आणि दुपारचं खाणं बरोबर हवं. जाकीट, एक गरम थर, टोपी, सनस्क्रीन. या उंचीवर ऊन फार चावरं असतं. जूनच्या पूर्वार्धात गेलात तर ड्रीम लेकच्या वाटेवर घट्ट बर्फ असू शकतो. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स एस्टेस पार्कमधल्या दुकानांत भाड्याने मिळतात.

खाणं मात्र सॅकमध्ये बंदच ठेवा. ड्रीम लेकच्या काठावर दगडावर बसलात की सोनेरी पाठीच्या खारी अंगाशी येतात. एक जण समोर उभी राहून लक्ष वेधते आणि दुसरी तोवर सॅकच्या उघड्या चेनमधून आत गेलेली असते. त्यांना दाणा देणं कायद्याने गुन्हा आहे आणि त्यांच्या जिवालाही घातक. माणसाच्या खाण्यावर वाढलेली खार हिवाळ्याची तजवीज नीट करत नाही. मुलांना हे आधी समजावून सांगा, म्हणजे तिथे ओरडावं लागत नाही.

मोठे प्राणी दिसले तर एल्क (मोठ्या जातीचं हरीण) आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान 75 फूट, मूस (त्याहूनही मोठं हरीण) आणि अस्वलापासून 120 फूट लांब राहायचं असा पार्कचा नियम आहे. मूस शांत उभा दिसतो म्हणून लोक फसतात. त्याचे कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले की ताबडतोब मोठ्या झाडामागे व्हा.

दुपारनंतर

पहिली वाट धरलीत तर ग्लेशियर गॉर्जला तुम्ही एक-दीडला पोचाल. खाली येणारी बस बेअर लेकलाच भरून येते, त्यामुळे इथे एखाद-दोन बस सोडाव्या लागतात. अर्धा तास हातचा ठेवलात तर चिडचिड होणार नाही. बिअरश्टाट थांब्यावरही तीच गत.

पार्क अँड राइडला उतरल्यावर दिवस संपवायची घाई नको. मोरेन पार्क मार्गाची बस धरून कब लेकच्या बाजूला जा. बिग थॉम्पसन नदी या रुंद कुरणातून संथ वळणं घेत जाते, आणि हिमनदीने आणून टाकलेल्या मातीदगडांची लांबच लांब भिंत दक्षिणेला दिसते. बूट काढून नदीकाठी बसा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्कचा मीलनाचा हंगाम असतो. संध्याकाळी नरांचं तार स्वरातलं ओरडणं कुरणभर ऐकू येतं. त्या काळात संध्याकाळी कुरणात पाऊल टाकायला बंदी असते, रस्त्याच्या कडेनेच ऐकायचं.

ट्रेल रिज रोड याच दिवशी करू या, असा आग्रह कोणीतरी धरतंच. 12,183 फुटांपर्यंत चढणारा तो रस्ता अप्रतिम आहे, पण पार्कची शटल तिकडे जात नाही आणि दुपारी वादळाच्या वेळी तिथे उघड्यावर असणं धोक्याचं आहे. त्याला दुसरा दिवस द्या, तोही सकाळचा.

आता शेवटची बस. हंगामात बेअर लेकवरून शेवटची फेरी साधारण सात-साडेसातला सुटते. पण सप्टेंबर सरता सरता वेळा बदलू शकतात, त्यामुळे सकाळी उतरताना थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. हायकर शटलने आला असाल तर तुमची शेवटची वेळ वेगळी, आणि बहुधा अलीकडची असते, दोन्ही नोंदवा. शेवटच्या बसवर कधीच अवलंबून राहू नका, तिच्या आधीच्या दोन बस तुमच्या समजा. आणि चुकलीच तर बेअर लेकपासून पार्क अँड राइडपर्यंत चार-पाच मैलांचा डांबरी उतार आहे, दोन तासांची चाल. त्यासाठी डोक्याला बांधायची बॅटरी सॅकच्या तळाशी हवी. अंधारात रस्त्याच्या डाव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला, आणि वाटेत रेंजरची गाडी दिसली तर हात करून थांबवा.